पाचशे पाठ, नाव एकाचंही नाही

१ जानेवारी जवळ आली की आपल्याकडं कवितांचा पूर येतो. कोरेगावचा विजयस्तंभ, पाचशे शूर, तलवार, रक्त, गर्जना. सटाण्याला आमच्या हातात पडलेल्या कवितांची चळत वाचली तर एकीतली ओळ काढून दुसरीत घातली तरी कुणाला कळायचं नाही. अभिमान खोटा आहे असं मी म्हणत नाही. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब स्वतः त्या स्तंभापुढं उभे राहिले होते. माझी तक्रार दुसरी आहे. या कवितांत लढाई आहे, पण शिपाई कुठाय? त्याला पगार नाही, बायको नाही, पायाला फोड नाही. पाचशेचा आकडा पोरासोरांना पाठ, नाव मात्र एकाचंही माहीत नाही.

प्रस्थापितांच्या साहित्यात शोधावं तर तिथं तरी काय आहे? विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची, महायुद्धाच्या तोंडावरची. मोठी कादंबरी, वाचलीच पाहिजे. पण तिचा चक्रधर बोटीवरचा प्रवासी आहे. ज्याला बंदूक देऊन बोटीत भरलं, त्याची कादंबरी कुणी लिहायची? ते काम आपलंच.

तेव्हा पहिला सवाल असा, की तो भरती का झाला? ब्रिटननं १९१६ साली आपल्या पोरांवर सक्तीची लष्करभरती लादली. हिंदी माणसावर तसा कायदा दोन्ही महायुद्धांत नव्हता. दुसऱ्या महायुद्धातली पंचवीस लाखांची हिंदी फौज 'स्वखुशीची' म्हणून मिरवली गेली. स्वखुशी! ज्याच्या गळ्यात वतनाची महारकी बांधलेली, रात्री-अपरात्री हाक आली की धावायचं, सरकारचा निरोप पोचवायचा, साहेबाचं ओझं वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि बदल्यात मागून आणलेली भाकर, त्याला कुठली आली स्वखुशी? खरी सक्तीची भरती गावातच होती. १८७४ च्या वतन कायद्यानं ती पक्की केली. १९२८ साली बाबासाहेबांनी त्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, पण वतनं जायला १९५९ उजाडलं. त्या सक्तीपुढं पलटण म्हणजे सुटका. ठरलेला पगार, अंगावर वर्दी, पोरांना शाळा. रामजी सुभेदार लष्करी शाळेत हेडमास्तर होते. कित्येक जण देशासाठी नाही आणि राणीसाठीही नाही, गाव सोडायला म्हणून पलटणीत गेले. हे लिहिल्यानं त्यांचं शौर्य कमी होत नाही. उलट ते कशातून आलं ते कळतं.

दुसरा सवाल, त्याला मिळालं काय? आम्ही गिरणीवाले याला बदली कामगार म्हणतो. कायम माणूस खाड्यावर असला की बदलीला हाक. मशीन तेच, पाळी तीच, धोका तोच. कायमवाला परतला की बदली फाटकाबाहेर. साहेबानं १८९० नंतर 'लढाऊ जाती'चं शास्त्र काढलं आणि महारांची भरती बंद केली. १९१७ ला महायुद्धात माणूस कमी पडला, तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. पुन्हा युद्ध आलं. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी रेटा लावला, आणि ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण पुढं ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. तोपर्यंत दर वेळी बदलीच. यावर एक तरी कविता आलीय का?

आपल्या शिपायाचं पहिलं साहित्य पोवाडा नव्हे, अर्ज आहे. पेन्शनर शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्याकडं अर्ज केला. मोठे हक्क नकोत, पोलिसात आणि पलटणीत अगदी खालच्या जागा द्या, एवढंच मागणं. ते वाचताना जी कळ येते ती आपल्या गर्जनांत येत नाही. पण टीकाकारानं हेही सांगावं, की वलंगकरांचा अर्ज आम्ही मूळचे क्षत्रिय असं सिद्ध करू बघतो. म्हणजे गज साहेबाचा, आणि आपण त्यात अंग मोजून घेतोय. त्यांचा नाइलाज होता. आजचा कवी 'आम्हीही लढाऊ जात' म्हणून छाती पुढं काढतो, त्याचा कसला नाइलाज?

बाबासाहेबांनी तसं केलं नाही. अस्पृश्यांच्या फौजेनं इंग्रजाला हा देश जिंकून दिला, हे त्यांनी उघड मांडलं. आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत त्याच इंग्रजाला तोंडावर विचारलं: पूर्वी आम्हाला लष्कराचं दार बंद होतं, आता तुम्ही ते उघडलंय का? अभिमान आणि हिशेब एकाच तोंडानं मागायचा, ही त्यांची रीत. आपल्या कवितेनं अभिमान उचलला, हिशेब तिथंच टाकला.

कोरेगावच्या स्तंभावर मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यांतली २२ महारांची, शेवटी 'नाक' लागलेली. रेजिमेंटच्या टोपीवर आधी हाच स्तंभ होता. पुढं तो काढून खंजीर बसवला. तेव्हा दोस्तांनो, कवितेला विषय कमी नाहीत. २२ मधलं एक नाव धरा. बागलाणातल्या गावागावांत फिरा, ज्यांच्या घरात कुणी पलटणीत होतं त्या म्हाताऱ्यांशी बोला, पत्र्याच्या पेटीतला डिस्चार्जचा कागद बघा. पगार किती होता, मनिऑर्डर कुणाच्या हातात पडायची, सुट्टीवर आल्यावर त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं का, ते विचारा. मग लिहा. पुढच्या जानेवारीला गर्जना दहा कमी आल्या तरी चालतील, एक शिपाई यायला पाहिजे.