सांध्यावर थांबलेली नजर

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात, रू व्हिताल-कार्ल या रस्त्यावर ‘मोला’ नावाचं पुस्तकांचं दुकान आहे. १८९६ सालचं, कोणत्याही साखळीत न गेलेलं. या दुकानाने इन्स्टाग्रामवर टाकलेली एक छायाचित्रमाला २०१७च्या सुमारास जगभर पोचली. मुखपृष्ठावर छापलेला चेहरा आणि त्याखाली दुकानातल्या जिवंत माणसाचं धड, एवढाच तिचा ऐवज. कल्पना नवी नव्हती. गाण्यांच्या तबकड्यांची वेष्टनं चेहऱ्यासमोर धरून असे फोटो आधी निघाले होते, ग्रंथालयांनीही ते काढले होते. पण ‘मोला’च्या फोटोंकडे मी पुन्हा पुन्हा वळतो.

नजर आधी जाते सांध्याकडे. कागदावरचा जबडा संपतो तिथेच खरी मान सुरू झाली पाहिजे. पुस्तक कॅमेऱ्याच्या जवळ, माणूस मागे. अंतर पाऊलभर बदललं तरी डोकं खांद्यांना मोठं होतं. चित्रातला उजेड डावीकडून येत असेल तर माणसालाही तसंच उभं राहावं लागतं. मुखपृष्ठावरच्या कॉलरचा रंग खऱ्या सदऱ्यात उतरावा लागतो. लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडली तर पुस्तक किंचित कलतं करायचं, आणि कललं की जबडा पुन्हा सरकतो! स्वतंत्र दुकानात समाजमाध्यमं सांभाळायची उमेदवारी करणाऱ्या मुलामुलींनी हे फोटो असे उकलून पाहावेत. मुखपृष्ठ इतकं निरखून क्वचितच कोणी पाहतं.

तरीही रस आहे तो सांधा पुरता न जुळण्यात. पुस्तकाची कड दिसत राहते, धरणारी बोटं दिसतात, वर लेखकाचं नाव वाचता येतं. छपाईचा चेहरा सपाट, त्याखालचा गळा श्वास घेणारा. संगणकावर हे दोन्ही बेमालूम एकजीव करता आले असते, पण मग पुस्तकच नाहीसं झालं असतं. इथे डोळा क्षणभर फसतो आणि लगेच कडेवर येऊन थांबतो. त्या थांबण्यात पुस्तक वस्तू म्हणून हाताला जाणवतं, आणि कोणीतरी आपला देह त्याला उसना दिला आहे हेही कळतं. चांगला विक्रेता गल्ल्यापाशी तेच करत असतो.

हे फ्रान्समध्ये फुलावं याला कारण आहे. १९८१च्या लांग कायद्याने तिथे नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानाला जास्तीत जास्त ५ टक्के सूट देता येते. भावात कुणाला पाडता येत नाही. मग गिऱ्हाईक ओढायचं ते निवडीने, बोलण्याने, अशा नजरेने. सवलतीचे आकडे मिरवणाऱ्या जाहिरातीपुढे हा फोटो मला म्हणूनच फार श्रीमंत वाटतो.

एक उणीव मात्र सलते. गालिमार या फ्रेंच प्रकाशनसंस्थेच्या ‘ब्लांश’ मालेची पुस्तकं १९११पासून मलईरंगी मुखपृष्ठात येतात: काळ्या-लाल रेघा, अक्षरं, बस्स. चेहरा नाहीच. फ्रेंच साहित्यातलं कितीतरी मोठं लेखन या साध्या वेष्टनात आलं, आणि या खेळात त्याला जागा मिळत नाही. ते स्वस्त आवृत्तीत, चित्राचं मुखपृष्ठ घेऊन येईल तेव्हाच त्याची पाळी. चित्रकथा आणि रहस्यकथा तेवढ्या कॅमेऱ्याच्या लाडक्या ठरतात. हा दोष फोटो काढणाऱ्यांचा नाही, पण दुकानाच्या इन्स्टाग्राम पानावर काय टाकायचं हे ठरवणाऱ्याने तो ध्यानात धरला पाहिजे.

त्यावर उपाय फ्रेंच दुकानांतच आहे. आवडलेल्या पुस्तकावर तिथले विक्रेते हाताने लिहिलेली छोटी चिठ्ठी लावतात. मलईरंगी मुखपृष्ठावर कुणाचं तरी तिरपं, शाईचं अक्षर – हाही माणसाचा आणि पुस्तकाचा सांधाच आहे, आणि त्याचाही फोटो सुंदर येतो. फक्त त्यासाठी पुस्तक आधी वाचलेलं असावं लागतं. उमेदवारीला आलेल्या मुलीला मी पहिल्या आठवड्यात कॅमेरा देणार नाही; असं एक पुस्तक आणि एक कोरी चिठ्ठी देईन.