तिसऱ्याला सांगायची गोष्ट : मराठी लेखन आणि लैंगिक समुपदेशन

हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडे नवरा-बायकोच्या शरीरसंबंधात काही अडले, तर त्या अडचणीला स्वतःचे नाव नसते. ‘जमत नाही’ एवढ्यावर भागते. दवाखान्यात गेलेला पुरुष ‘कमजोरी’ म्हणतो, नाहीतर ‘धातू जातो’ म्हणतो. बाई ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘कंबर धरते’ असे सांगते. घरातली वडीलधारी माणसे ‘अजून पाळणा हलला नाही’ या शब्दांत तोच विषय काढतात. तिन्ही वाक्ये खोटी नाहीत, पण त्या दोघांमध्ये काय बिनसले आहे ते एकाही वाक्यातून कळत नाही. पुरुषाची तक्रार त्याच्या धातूविषयी असते, बाईची तिच्या कमरेविषयी आणि सासूची नातवाविषयी.

यावरून मराठी भाषाच या बाबतीत लाजाळू आहे, तिच्यापाशी शब्द नाहीत, असा निष्कर्ष काढण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. मला तो पटत नाही. शब्द भरपूर आहेत. प्रश्न हा आहे, की ते कोण कोणाला उद्देशून बोलते. लैंगिक समुपदेशन, म्हणजे ज्याला इंग्रजीवरून आपण ‘सेक्स थेरपी’ म्हणतो ते, समजून घ्यायला या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घेऊ. पैठणच्या सातवाहनांशी जोडलेली, हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती स. आ. जोगळेकरांच्या मराठी आवृत्तीमुळे आपल्या वाचनात आली. तीत शरीरसुखाविषयी संकोच नाही. रुसवा, तृप्ती, कंटाळा, थकवा, चोरटी भेट, सगळे आहे. पण त्यातल्या कितीतरी गाथांत नायिका बोलते ती मैत्रिणीशी, मामीशी, आत्याशी. किंवा मैत्रीण तिच्या वतीने कोणाशी तरी बोलते. जात्यावरच्या ओवीत भाऊ आणि आई यांना मोकळेपणाने हाक मारली जाते. नवऱ्याचा उल्लेख येतो तो आडून, ‘चुड्याच्या’ किंवा ‘हौशा’च्या आडोशाने. लावणीत तर बाई थेट बोलते, पण समोर फड असतो, पैसे मोजलेले प्रेक्षक असतात. शृंगाराची एवढी समृद्ध भाषा असलेल्या या परंपरेत नवरा-बायकोचा एकमेकांशी असलेला संवाद मात्र फार विरळ आहे. ऐकणारा बहुतेक वेळा तिसरा असतो.

आधुनिक काळात हा तिसरा छापील झाला. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या कामापायी नोकरी गमावली. जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले आणि 1953 मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. कर्व्यांविषयी लिहिताना आपण बहुधा त्यांचे धैर्य, हालअपेष्टा आणि मालतीबाईंची साथ यांवरच थांबतो. त्यांच्या गद्याकडे कमी लक्ष जाते. ते गद्य गणिताच्या मास्तराचे आहे. उपमा नाहीत, हळवेपणा नाही, वाचकाला ‘बंधो’ म्हणून जवळ घेणे नाही. एक विधान, त्याचे कारण, पुढचे विधान. ब्रह्मचर्याच्या आणि वीर्यनाशाच्या भयाने पछाडलेल्या तरुणाला तेव्हा याच कोरडेपणाने आधार दिला असणार. ज्या भयाभोवती सगळे जण कुजबुजत होते, त्याविषयी कोणीतरी साध्या आवाजात बोलत होते.

त्यातही ‘समाजस्वास्थ्य’मधली वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे हा मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. त्यांवरच 1934 साली खटला झाला. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या शंकांना दिलेली उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप होता. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळे अश्लील ठरत नाही, आणि सामान्य माणसाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कोर्टाने तो मानला नाही. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. अजित दळवींनी हे खटले ‘समाजस्वास्थ्य’ नाटकात रंगभूमीवर आणले आणि अतुल पेठे यांनी ते बसवले. नाटकात साहजिकच कोर्ट मध्यभागी येते. पत्र पाठवणारा माणूस मात्र पडद्यामागेच राहतो, आणि माझे कुतूहल त्याच्याविषयी आहे.

हा पत्रलेखक एकटा असतो. तो एकट्याने लिहितो, नाव झाकतो आणि उत्तरही एकट्याने वाचतो. पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंच्या ‘निरामय कामजीवन’ने मराठी मध्यमवर्गात घराघरांत जागा मिळवली. नव्या जोडप्याला ते पुस्तक भेट देण्याची पद्धतही काही ठिकाणी पडली. इंग्रजीत डॉ. महिंदर वत्स यांनी ‘मुंबई मिरर’मधल्या सदरात मिश्किल उत्तरे देऊन लाखो वाचकांचे ओझे हलके केले. नव्वदी ओलांडल्यावरही ते लिहीत होते. प्रत्येकाची शैली वेगळी. पण रचना एकच, प्रश्न एकाचा आणि उत्तर तज्ज्ञाचे. ज्याच्याशी किंवा जिच्याशी खरे तर बोलायचे, ती व्यक्ती या रचनेत शेजारच्या खोलीत असते.

सेक्स थेरपीने बदलली ती ही रचना. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात आधी प्रयोगशाळेत शरीराचा प्रतिसाद तपासला (त्यावरचे पुस्तक 1966 चे), आणि 1970 च्या दुसऱ्या पुस्तकात उपचाराची पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे असे, की अशा अडचणीत ‘रुग्ण’ एक माणूस नसतो, ते नाते रुग्ण असते. म्हणून दोघांनी यायचे. समोर उपचार करणारेही दोघे, एक पुरुष आणि एक स्त्री. पहिली सूचना ऐकून आपल्याकडच्या माणसाला नवल वाटेल, ती म्हणजे काही दिवस संबंध पूर्ण बंद. फक्त आळीपाळीने स्पर्श करायचा, आणि कोणता स्पर्श बरा वाटला, कोणता नाही, ते सांगायचे. परीक्षा रद्द झाली की परीक्षेची भीती ओसरते, असे त्यामागचे तर्कशास्त्र. पुरुषाचे लवकर आटोपणे, ताठरता न येणे, संबंधाच्या वेळी बाईचे स्नायू आपोआप आवळून वेदना होणे, अशा अडचणींत भीतीचा वाटा मोठा असतो. ती भीती बोलण्याने आणि सरावाने कमी करता येते. अर्थात मधुमेह, रक्तदाब, चालू असलेली औषधे यांची तपासणी आधी. ती टाळून नुसते समुपदेशन करणारा चुकतो.

या पद्धतीचा बोलबाला झाला तशी तिची चिकित्साही झाली. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी अपयशाचे प्रमाण फार कमी दाखवले होते. 1980 मध्ये झिल्बरगेल्ड आणि इव्हान्स यांनी त्या आकड्यांच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले. त्याआधी 1974 मध्ये हेलन सिंगर कॅप्लन यांनी सराव आणि मनाचा खोल शोध यांची सांगड घातली होती. 1976 मध्ये जॅक ॲनन यांनी मदतीच्या चार पायऱ्या सांगितल्या, आधी बोलण्याची परवानगी, मग मोजकी माहिती, मग त्या माणसापुरती नेमकी सूचना, आणि गरज पडली तरच सखोल उपचार. बऱ्याच जणांचे काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच होते. हे वाचताना कर्वे आठवल्याशिवाय राहत नाहीत. नाव नसलेल्या काळात मुंबईतला एक माणूस पोस्टाने पहिल्या दोन पायऱ्या चालवत होता, कधी तिसरीही. चौथी त्याच्या आवाक्यात नव्हती, कारण तिथे दोघे समोर बसावे लागतात.

‘धातू जातो’ या तक्रारीकडेही या दृष्टीने पाहावे. 1960 मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी तिला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. वीर्याचा थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, या समजुतीतून थकवा, उदासी, भीती सगळे त्या एका शब्दात गोळा होते. शहाणा समुपदेशक या माणसाला ‘अंधश्रद्धा आहे’ म्हणून हाकलत नाही. तो शब्द उघडून बघतो. भिंतीवर ‘गुप्तरोग’ लिहून भस्म आणि वाजीकरण विकणारा तो शब्द बंदच ठेवतो, कारण त्याचा धंदा त्यावर चालतो. 1998 नंतर आलेल्या निळ्या गोळीने पुष्कळांना खरा आराम दिला, हे मान्य करायला हवे. पण गोळी एकट्याला मिळते आणि एकट्याने गुपचूप घेता येते. पुन्हा तीच पत्रलेखकाची खोली.

कायद्याची भाषा तर आणखी निष्ठुर. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे संबंध झाला नसेल तर विवाह रद्द ठरवून घेता येतो. जी गोष्ट दवाखान्यात अडचण म्हणून मांडता आली असती, ती कोर्टात आरोप होते, आणि आरोपाला उत्तर द्यायचे तर माणूस लपवतो किंवा उलट आरोप करतो. समुपदेशनाची मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. घरात मारहाण असेल, बाईच्या नकाराला किंमतच नसेल, तर दोघांना शेजारी बसवून स्पर्शाचे धडे देणे हा अन्याय होईल. तिथे आधी तिची सुरक्षितता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सेंट लुईसला जोडपी दोन आठवडे हॉटेलात राहून उपचार घेत. दार बंद, वेळ मोकळा. इथल्या जुन्या माळवदाच्या घरात ओसरीवर सासरे, आत सासू आणि लेकरे. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर. नवरा रात्री आखाड्यावर जागलीला. बाळापूरच्या नावातच जो आखाडा आहे, तो आमच्याकडे शेतातला निवारा; आणि जागल ही कधी पिकासाठी असते, कधी घरातली रात्र टाळण्यासाठीही. ‘रानडुकरं लई झालीत’ या वाक्यामागे काय दडले आहे, ते बायकोला कळते आणि तीही विचारत नाही. अशा घरात ‘रोज अर्धा तास एकांतात’ ही सूचना देणारा समुपदेशक पुस्तक वाचतो आहे, घर नाही. पद्धत इथे रुजवायची तर तिचे भाषांतर शब्दांपेक्षा घराच्या नकाशात करावे लागेल. उलट, तोच आखाडा दोघांना मिळाला तर? हळदीच्या काढणीत शेतावर दोघेही राबतात. मोकळ्या बोलण्याला तिथे भिंतींना कान नसतात.

तज्ज्ञांची टंचाई खरीच आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यक हा विभाग म्हणून रुजवला. त्याची सावली जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलेली नाही. सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाने किशोरवयीनांसाठी समुपदेशन आहे, दहा ते एकोणीस वयापर्यंत. विशीतल्या नवविवाहितेला मात्र सरकारी यंत्रणा भेटते ती गरोदरपणात, नाहीतर पाळणा लांबवायचा असेल तेव्हा. तांबी हवी की गोळी, हे तिला विचारले जाते. दुखते का, हा प्रश्न त्या फॉर्मवर नाही. तो तोंडी विचारायला पैसे लागत नाहीत, एएनएम ताईंना तो शिकवायला एक दुपार पुरेल. ‘दुखतं का? त्यांना सांगितलंस का? पुढच्या खेपेला त्यांनाही घेऊन येशील?’ या तीन वाक्यांत ॲननच्या पहिल्या पायऱ्या येतात, आणि शेवटच्या वाक्यात शेजारच्या खोलीतला माणूस बोलावला जातो.