अवनी दोशी यांची पहिली कादंबरी : चरित्र आणि खर्डे

एकच कादंबरी ज्याच्या नावावर आहे अशा लेखकाच्या वाङ्मयीन कारकिर्दीचा विचार करू लागले की अभ्यासकाची पंचाईत होते. विकासक्रम दाखवावा तर मागेपुढे ग्रंथ नाहीत. मग तो सहजच लेखकाच्या घराकडे वळतो आणि कादंबरीतील प्रत्येक व्यक्ती त्या घरात कोठे राहत होती याचा शोध सुरू होतो. अवनी दोशी यांच्या बाबतीत हा मोह विशेष बळावतो, कारण त्यांच्या आईचे माहेर पुण्याचे, कादंबरीही पुण्यात घडणारी आणि तिच्या केंद्रस्थानी एक आश्रम. पुणेकर वाचकाला एवढे पुरते. हा मार्ग आपल्याला कादंबरीपासून दूर नेतो, असे आमचे मत आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगता येईल. दोशी यांचा जन्म १९८२ सालचा, अमेरिकेतील न्यू जर्सी येथला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात व पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी कलेतिहासाचे शिक्षण घेतले. भारतात कलाविषयक लेखन व प्रदर्शनांची मांडणी हा त्यांचा व्यवसाय होता. नंतर त्या दुबईस स्थायिक झाल्या. २०१३ साली त्यांच्या अप्रकाशित हस्तलिखितास टिबोर जोन्स दक्षिण आशिया पारितोषिक मिळाले. कादंबरी मात्र २०१९ साली भारतात 'गर्ल इन व्हाइट कॉटन' या नावाने आणि २०२० साली इंग्लंडात 'बर्न्ट शुगर' या नावाने निघाली. त्याच वर्षी ती बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आली. त्या यादीतील सहा कादंबऱ्यांपैकी चार पहिल्याच होत्या. पारितोषिक डग्लस स्टुअर्ट यांच्या 'शगी बेन'ला मिळाले. तीही पहिलीच कादंबरी, आणि तीही आईविषयीचीच.

या हकिकतीत आम्हांस महत्त्वाची वाटते ती २०१३ ते २०१९ ही मधली रिकामी दिसणारी जागा. सुमारे सात वर्षांत दोशी यांनी ही कादंबरी आठ वेळा लिहिली. पारितोषिक मिळालेला खर्डाही त्यांनी अंतिम मानला नाही. प्रथमग्रंथकाराची कारकीर्द शोधावयाची असेल तर ती या मोडलेल्या खर्ड्यांत शोधावी लागेल. ते आपल्यासमोर नाहीत हे खरे. परंतु त्यांची एक खूण कादंबरीतच उरली आहे.

निवेदिका अंतरा ही चित्रकार आहे. ती एका पुरुषाचा चेहरा रोज काढते. मूळ छायाचित्र बाजूस ठेवून कालच्या चित्रावरून आजचे आणि आजच्यावरून उद्याचे चित्र काढावयाचे, असा तिचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. हात प्रामाणिक असला तरी दररोज रेषा किंचित ढळते, आणि अखेर मूळ चेहरा व शेवटचा चेहरा यांचे नाते केवळ तिच्या शब्दावर मानावे लागते. स्मरण म्हणजे मुळाची प्रत नव्हे, मागच्या स्मरणाची प्रत होय, हा कादंबरीचा मध्यवर्ती विचार या एका प्रतिमेत सामावला आहे. कलादालनांत वावरलेल्या व्यक्तीलाच ही प्रतिमा सुचावी. चरित्राचा उपयोग करावयाचाच असेल तर तो येथे, लेखिकेच्या व्यवसायाशी संबंध जोडून करावा. तिच्या नातेवाइकांची ओळखपरेड करून नव्हे.

कथानक असे : अंतराची आई तारा हिचे विस्मरण वाढत चालले आहे. याच तारेने तरुणपणी घर सोडून लहान मुलीसह आश्रम गाठला, तेथील बाबांची ती प्रेयसी झाली, आणि पोर दुसऱ्यांच्या हाती वाढले. पुढे क्लबच्या दाराबाहेर भीक मागण्यापर्यंत दोघींची पाळी आली. आता त्या आईची शुश्रूषा मुलीने करावयाची आहे. सूड आणि सेवा यांची अशी गाठ घातल्यावर भावविवशतेस वाव भरपूर होता. लेखिकेने तो कटाक्षाने नाकारला आहे. आईच्या जाचाची साक्षीदार दोघीच. त्यांतील एकीची स्मृती गेली की उरलेलीचे म्हणणे खरे की खोटे, हे कोणी ठरवावयाचे? आईचा आजार हा अंतरेच्या दृष्टीने पळ काढण्याचा प्रकार आहे : आरोपी न्यायालयातून निघून जावा तसा. 'श्यामची आई'त मुलाचे स्मरण आईला पूर्णत्व देते. येथे मुलीचे स्मरण आईला गुन्हेगार ठरवू पाहते, आणि तसे करताना स्वतःच संशयास्पद होते. आजाराचा साखरेशी संबंध आहे असे वाचून कळल्यावर अंतरा आईला गोड खाऊ घालू लागते, त्या प्रसंगी वाचकाचा तिच्यावरील उरलासुरला विश्वास डळमळतो. इंग्लंडातील आवृत्तीचे नाव या प्रसंगाकडे बोट दाखविते.

मूळ नाव आम्हांस अधिक समर्पक वाटते. आश्रमवासीयांचा वेष कादंबरीत पांढरा आहे. १९७४ पासून कोरेगाव पार्कात असलेल्या रजनीशांच्या आश्रमातील संन्यासी त्या काळी भगव्या वस्त्रांत वावरत. म्हणजे साम्ये कितीही असोत, लेखिकेने रंग बदलला आहे. पांढऱ्या सुती वस्त्राने आपल्याकडे वैराग्य सुचविले जाते तसे वैधव्यही; नवरा जिवंत असता तारेने ते पत्करावे यातला उपहास भारतीय वाचकाला टिपणीवाचून कळतो.

नावांचेही तसेच. तारेची विरुद्ध ती अंतरा, आईने आपल्याहून वेगळी व्हावी म्हणून ठेवलेले नाव, असा उलगडा निवेदिका करते. मराठी कानाला मात्र त्यात 'अंतर' ऐकू येते, आणि गाण्याचा अंतराही. तो कितीही लांब गेला तरी ध्रुपदावर परततोच. अंतरा स्वतः मुलीची आई होते तेव्हाची तिची भयभीत अवस्था पाहिली म्हणजे हा तिसरा अर्थ लेखिकेला अभिप्रेत नसला तरी कृतीला अभिप्रेत आहे असे म्हणावेसे वाटते.

उणिवा आहेत. निवेदिकेचे तिखट, सुभाषितवजा वाक्य काही ठिकाणी प्रसंगाला वाढू देत नाही. अनुभव पुरता उलगडण्याआधीच त्यावर निकाल लागतो. पती दिलीप हा अमेरिकेत वाढलेला समंजस गृहस्थ बहुतेक वेळ अंतरेचा विक्षिप्तपणा मोजण्याचा मापदंड म्हणूनच वावरतो. या कादंबरीतील पुणे प्रामुख्याने क्लब, आश्रम आणि सदनिका यांचे आहे, मराठीचे नाही, अशी तक्रारही आपल्या विभागातून ऐकू येते. ती पूर्णपणे मान्य करता येत नाही. पेठांचे दर्शन घडविणे हे या कृतीचे काम नव्हते. अंतरा ज्या वर्गातली आहे त्या वर्गाला मराठी कानावर पडते पण उत्तर द्यावे लागत नाही, आणि ही उणीव पात्राची म्हणून खरी आहे. तक्रार करावयाचीच तर ती अशी करता येईल, की अंतरेला स्वतःच्या या बहिरेपणाची जाणीव एकदाही होत नाही. एरवी स्वतःला इतक्या निर्दयपणे तपासणाऱ्या निवेदिकेने ही एक बाजू अंधारात ठेवली आहे.