आत्याबाईच्या मिश्या

आत्याबाईला मिश्या असत्या तर तिला काका म्हटलं असतं, ही म्हण आपल्याकडे वाद मिटवायला वापरतात. कुणी 'समजा, असं झालं असतं तर' म्हणून सुरुवात केली, की घरातलं वडीलधारं माणूस ही म्हण त्याच्या अंगावर टाकतं आणि विषय संपतो. मी स्वतः ती निदान दोनशे वेळा वापरली असेल. पण आत्याबाईला मिश्या खरोखरच लावून बघाव्यात, त्या शोभतात का, जेवताना आमटीत बुडतात का, याचा विचार करणारा माणूस माझ्या ओळखीत नव्हता. म्हणजे आमच्या बिल्डिंगमधले नाना निवृत्त होईपर्यंत नव्हता.

नाना पस्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्यांनी योजलेल्या पुलांचे नकाशे मापात काढण्यात हयात गेली. त्यातले कितीतरी पूल पाण्याचं तोंडही न बघता फायलीतच वाहून गेले. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना प्लास्टिकच्या विमानाचा एक किट आणून दिला. चौकटीला लटकलेले भाग तोडायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. पहिलं विमान नानांनी सूचनापत्रकाबरहुकूम केलं. दुसरंही केलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या कागदाप्रमाणेच चाललो की हो!" आणि त्यांनी एका खोक्यातल्या विमानाचं पोट घेऊन त्याला दुसऱ्या खोक्यातल्या बसचं डोकं लावलं. परदेशात या उद्योगाला 'किटबॅशिंग' म्हणतात, आणि त्यातून जन्माला येणाऱ्या, कधीच न घडलेल्या यंत्रांना 'व्हॉट-इफ' मॉडेलं. मराठीत सांगायचं तर आत्याबाईच्या मिश्या.

गेल्या महिन्यात नानांनी मला चहाला बोलावलं. टेबलावर तीन मॉडेलं मांडली होती. "तुम्ही नाटकांची परीक्षणं लिहिता, यांचं करा. पण खरं बोला. घरात सगळे छानच म्हणतात."

"मी नाही म्हणत," आतून वहिनी म्हणाल्या.

पहिलं मॉडेल म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या बुडावर बसवलेली लंडनची लाल डबलडेकर. मी हसलो, पण मग वाकून बघत बसलो. कंडक्टरच्या पायरीशी जीवरक्षक कडं टांगलेलं. जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्यांना शेवाळी रंग. मागच्या दांडीला नांगराची साखळी, आणि साखळीवर गंज. थाप मारणाऱ्याने पत्ता बरोबर द्यावा, तसा प्रकार. बस पाण्यावर चालते ही एकच थाप. तेवढी पचवली की पुढचं सगळं खरं.

दुसरा होता वाफेवर चालणारा रणगाडा. पाठीवर रेल्वे इंजिनाचा बॉयलर. दिसायला आमच्या जुन्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबासारखा. "धुराडं आधी तोफेपुढे होतं," नाना म्हणाले, "पण मग धुरात तोफवाल्याला दिसणार काय? म्हणून मागे घेतलं." मागे कोळशाची पेटी होती, पेटीत फावडं होतं, आणि धुराड्याच्या तोंडाशी काजळी होती. असला रणगाडा कुणी बांधला असता तर काजळी तिथेच धरली असती, याबद्दल माझी खात्री पटली.

या कलेतली खरी मेख मापात आहे. १:७२ या मापात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १:३५च्या रणगाड्यातला शिपाई त्याच्या दुप्पट उंच. त्याला १:७२च्या विमानाशेजारी उभा केलात तर तो विमान मांडीवर घेऊन बसेल. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर हे चालतं. तिथे मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, वाघ बुरुजाएवढा असतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण मुलांनी आधीच सगळं कबूल केलेलं असतं. व्हॉट-इफवाल्याला बघणाऱ्याकडून ही कबुली मिळवावी लागते. त्यासाठी पुट्टी भरायची, सांधा घासायचा आणि वर करड्या रंगाचा हात मारायचा. हा करडा रंग मोठा चुगलखोर. वेगवेगळ्या खोक्यांतले भाग तो एका घरचे करतो खरा, पण कुठे केसाएवढी फट राहिली असेल तर तीही चारचौघांत उघडी पाडतो.

मग तिसरं मॉडेल. नाव 'आकाशपाताळसंहारक'. लढाऊ विमानाचं धड, त्यावर युद्धनौकेच्या तोफा, खाली रणगाड्याचे पट्टे आणि वर हेलिकॉप्टरचे दोन पंखे. मी घसा साफ केला. "नाना, ही भेळ झाली. पहिल्या दोन्हींत 'जर' एकच होता. इथे चार 'जर' आहेत आणि 'तर' एकही नाही."

नानांचा चहा निवला. "सिनेमावाल्यांचं चालतं ते?" ते म्हणाले. मुद्दा खरा होता. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधल्या अंतराळयानांच्या अंगाखांद्यावर रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या किटमधले असंख्य तुकडे चिकटवलेले होते. पण त्यांना ते तुकडे ओळखू येऊच द्यायचे नव्हते. प्रेक्षकाला नुसतं गुंतागुंतीचं यंत्र दिसायला हवं होतं. नानांच्या कलेचं उलट आहे. बस ही बस म्हणून आणि विमान हे विमान म्हणून ओळखू आलं नाही, तर गंमत कशात? इथे जोड लपवायचा, कूळ लपवायचं नाही. 'संहारका'त जोड सगळे दिसत होते आणि कूळ एकही लागत नव्हतं.

नाना उठले आणि एक फोटो घेऊन आले. "मग हे बघा. हे कुणी गंमत म्हणून केलेलं नाही." १९४१ साली चीनमध्ये जपानी बॉम्बफेकीत एका डीसी-३ प्रवासी विमानाचा उजवा पंख निकामी झाला. बदली पंख मिळाला तो धाकट्या डीसी-२चा, सुमारे पाच फूट आखूड. दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून तो हाँगकाँगहून नेला, बसवला, आणि विमान उडून हाँगकाँगला परत आलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं डीसी-अडीच. तेव्हापासून मला वाटतं, की डीसी-अडीच हे या कलेचं आद्य पीठ मानायला हरकत नाही. एकच 'जर', दोन्ही कुळं स्पष्ट, आणि जोड इतका पक्का की माणसं त्यात बसून गेली.

निघताना मी सहज विचारलं, "नाना, तुमच्या त्या न झालेल्या पुलांपैकी एखादा का करत नाही?"

"नको," नाना म्हणाले. "रणगाड्याला बॉयलर नव्हता म्हणून कुणाचं काही अडलं नाही, म्हणून तो करताना हसू येतं. पुलाचं 'तर' मला ठाऊक आहे. पावसाळ्यात तिथली बाळंतीण होडीतून न्यावी लागते."

मी दारातच थांबलो. तिकडे कुणी १९४५ला संपलेलं महायुद्ध १९४६पर्यंत लांबवून जर्मनीची न उडालेली विमानंही मोठ्या हौसेने करतात. त्यांचे जोड निर्दोष असतात, पण ते युद्ध आणखी वर्षभर चाललं असतं तर किती माणसं गेली असती, हे करड्या रंगाखाली राहतं. नानांनी कुठे हसायचं आणि कुठे नाही ते आधी ठरवलं, मग पुट्टी हातात घेतली. त्यांची तिन्ही मॉडेलं एकत्र बघता माझ्या परीक्षणात हा गुण सर्वांत वर आहे.

एवढं झाल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण टीकाकाराने स्वतः करून दाखवावं, अशी वहिनींनी टाचणी लावली. उरलेले भाग घरी आणून तीन रात्री जागलो. दोन बोटं एकमेकांना चिकटली, ती सुटल्यावर मी फोक्सवॅगन बीटल मोटारीला हेलिकॉप्टरचं शेपूट लावलं. एकच 'जर'. कुळं स्पष्ट. जोड घासून गुळगुळीत. जिंकल्याच्या थाटात नेऊन नानांपुढे ठेवलं.

नानांनी चष्मा कपाळावर घेतला. "जोड छान लपवलाय. पण या गाडीचं इंजिन मागे असतं. तुमच्या शेपटाने त्याचं झाकणच बंद केलंय. बिघडली तर गॅरेजवाल्याने काय करायचं, शेपूट कापायचं?"

'संहारक' आता टेबलावर नाही. नानांनी तो सुटा करून भाग डबीत भरले आहेत. माझी मोटार मात्र शेपूट उतरवून अजून तिथेच आहे. काल नानांच्या नातवाने तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, हे कशाचं व्हॉट-इफ?"

"हे होय?" नाना म्हणाले. "टीकाकाराला हात असते तर."