प्रादेशिक वसाहतकालीन इतिहास आणि प्राध्यापकांचे उजळणी वर्ग : एक चिकित्सा

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजची योजना अमलात आणली. २०१५ मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचा भाग झाली. नावे बदलली, तरी पदोन्नतीशी असलेला या वर्गांचा संबंध कायम राहिला. परिणामी वर्गातून काय मिळाले यापेक्षा प्रमाणपत्र मिळाले की नाही, हा प्रश्न मोठा ठरतो. इतिहासाच्या उजळणी वर्गात ‘प्रादेशिक इतिहास’ हा घटक आवर्जून असतो. नागपूर प्रांतापुरता विचार करून या घटकाच्या मांडणीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रदेशाची चौकट :
या मांडणीतील पहिला दोष कालविभागणीचा आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजी अंमल सुरू झाला, ही पुण्या-मुंबईची चौकट नागपूरला तशीच लावली जाते. वस्तुतः नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, तरी भोसल्यांचे राज्य खालसा झाले नाही. रघुजी तिसरे अल्पवयीन असताना १८२६ पर्यंत रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी कारभार पाहिला. पुढे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा करण्यात आले. म्हणजे येथे कंपनीची सत्ता आधी सल्लागार म्हणून, मग कारभारी म्हणून आणि शेवटी मालक म्हणून आली.

दुसरा दोष ‘विदर्भ’ या आजच्या संज्ञेचा आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चालत राहिला. मध्य प्रांताची निर्मिती १८६१ ची असून वऱ्हाड त्याला जोडले गेले ते १९०३ मध्ये. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती, तर नागपूरकडे १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क दिले. दोन्हीकडील शेतकऱ्याचे सरकारशी असलेले नाते भिन्न होते. ‘विदर्भातील शेतकरी’ असा एकच शब्दप्रयोग करून व्याख्यान पुढे नेले की हा भेदच पुसला जातो.

साधनांचा प्रश्न :
सर्वांत गंभीर उणीव साधनांच्या हाताळणीत आहे. जेन्किन्स यांचा १८२७ चा अहवाल, चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले १८७० चे गॅझेटिअर, रसेल व हिरालाल यांचा १९१६ चा जाती-जमातींवरील ग्रंथ ही साधने व्याख्यानांत सतत उद्धृत होतात. त्यांतील माहिती मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या प्रशासकीय गरजेपोटी गोळा केली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रसेल यांच्या ग्रंथात समाजांच्या स्वभावाविषयी ठोक विधाने आहेत. ती वर्गात तशीच सांगितली गेली, तर समोर बसलेल्या त्याच समाजातील विद्यार्थ्याला शंभर वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्याचे मत इतिहास म्हणून स्वीकारावे लागते. येथे प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

कळमन्याचे उदाहरण :
नागपूरच्या पूर्वेकडील कळमना आज धान्य, मिरची व फळांच्या बाजारासाठी ओळखला जातो. बाजार समितीचा इतिहास १९६३ च्या महाराष्ट्र कायद्यापासून सांगण्याची प्रथा आहे. मात्र नियंत्रित बाजाराची कल्पना वसाहतकालीन आहे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. कापसाची निर्यात सुरळीत व्हावी, ही त्यामागील एक महत्त्वाची प्रेरणा होती. शेतकऱ्यांना समित्यांत पुरेसे प्रतिनिधित्व नव्हते. अडते, मापारी, हमाल आणि शेतकरी यांच्यातील आजचे संबंध समजून घ्यायचे असतील, तर हा धागा मागे नेणे आवश्यक ठरते.

कळमन्यावरून कामठीकडे जाणारा लोहमार्गही असाच बोलका आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला. रेल्वेने धान्य आणले की बाहेर नेले, हा प्रश्न विद्यार्थी आपल्या परिसरातूनच विचारू शकतो. बाजारात राबणाऱ्यांची मुले आपल्या महाविद्यालयांत शिकतात, हे लक्षात घेता या प्रश्नाचे मूल्य अधिकच वाढते.

आक्षेप व विचार :
दोन आठवड्यांत मोडी वाचन आणि अभिलेखागाराचे काम शिकविणे अशक्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः मान्य करावा लागेल. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असल्याने कागदपत्रेही एका ठिकाणी नाहीत. तथापि ह. ना. सिन्हा यांनी संपादित केलेले नागपूर रेसिडेन्सीच्या कागदपत्रांचे खंड, १९०८ चे नागपूर जिल्हा गॅझेटिअर आणि यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ ही साधने मुद्रित आहेत. त्यांतील एकच पत्र घेऊन सर्वांनी मिळून ते वाचावे, रेसिडेंटने काय लिहिले व काय लिहिले नाही याची चर्चा करावी. एवढे तरी दोन आठवड्यांत निश्चितच होऊ शकते.

समारोप :
सारांश, प्रादेशिक इतिहास म्हणजे राष्ट्रीय इतिहासाला जोडलेली स्थानिक नावांची यादी नव्हे. १९२० चे काँग्रेस अधिवेशन आणि १९२३ चा झेंडा सत्याग्रह यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु जमीन, बाजार, रेल्वे आणि दुष्काळ यांवाचून प्रांताचा इतिहास अपुरा राहतो. उजळणी वर्गातील किमान निम्मे तास मूळ साधनांच्या वाचनास द्यावेत आणि प्रत्येक सहभागी प्राध्यापकाने आपल्या महाविद्यालयाच्या परिसरावर एक लघुनिबंध सादर करावा. त्या निबंधाचे मूल्यमापन व्हावे आणि मगच प्रमाणपत्र दिले जावे. असे झाल्यास प्रशिक्षणाचा लाभ प्राध्यापकाच्या सेवापुस्तिकेपुरता न राहता विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल.