बालेकिल्ला आणि सुकाणू : एका सागरी खेळातील ‘बिस्मार्क’

खेळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आपल्याकडे अद्याप विचारला जातो. बुद्धिबळाविषयी तो सहसा कोणी विचारीत नाही. ज्या मोहऱ्याला मराठीत आपण हत्ती म्हणतो त्यालाच बंगालीत नौका म्हणतात. एकाच पटावर एका प्रदेशाने हत्ती पाहिला आणि दुसऱ्याने नाव, ही गोष्ट अर्थहीन खासच नव्हे. पट वास्तवातले काय उचलतो आणि काय गाळतो हे पाहणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत टिपणात ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संगणकीय खेळातील ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. लोणारचे पाणी खारे आहे, पण त्यावर आरमार तरंगत नाही. त्यामुळे सागरी युद्ध म्हणजे काय याची कल्पना येथील एखाद्या विद्यार्थ्याला अशा खेळातूनच प्रथम येत असेल, तर त्या कल्पनेची पारख करणे हे आपलेच काम ठरते.

खेळातील बिस्मार्कचे बळ तिच्या पोटात आहे. जहाजातील यंत्रे आणि दारूगोळा ज्या पोलादी पेटीत असतो तिला इंग्रजीत जे नाव आहे त्याला आपला ‘बालेकिल्ला’ हा शब्द तंतोतंत लागू पडतो. राजगडाच्या माच्या शत्रूच्या हाती गेल्या तरी बालेकिल्ला लढू शकतो. तीच योजना येथे आहे. बाजूचे चिलखत ३२० मिलिमीटर जाडीचे, आणि ते भेदून गोळा आत आलाच तर पुढे कासवाच्या पाठीसारखा उतरता पोलादी डेक. जवळून, सपाट मार्गाने आलेला गोळा या उतारावर आपटून निकामी होतो. त्यामुळे अन्य जहाजे ज्या अंतरावर एका फटक्यात निम्मी होतात त्या अंतरावर बिस्मार्क निर्धास्त राहते. ३८ सेंटिमीटरच्या आठ मोठ्या तोफा आहेत खऱ्या, परंतु दूरवर त्यांचे गोळे विस्कळित पडतात. उलट दुय्यम तोफा आपोआप डागल्या जातात आणि त्यांचा पल्ला इतरांहून मोठा आहे. यावरून खेळाडूंनी काढलेला निष्कर्ष सरळ आहे : दूर राहू नका, अंगावर जा. तिचे दोष म्हणून आगी लागणे, वळण मोठे असणे, नाळेचे पातळ पोलाद अशा गोष्टी सांगितल्या जातात. त्या बरोबरच आहेत. पण त्यांत विशेष असे काही नाही, कारण थोड्याफार फरकाने त्या बहुतेक मोठ्या जहाजांना लागू पडतात.

आता हे चित्र इतिहासाशी ताडून पाहू. २४ मे १९४१ रोजी बिस्मार्कने ‘हूड’ ही ब्रिटिश नौका बुडविली. हूडवरील चौदाशेंहून अधिक माणसांपैकी तिघेच वाचले. तीनच दिवसांनी बिस्मार्क स्वतः बुडाली. २७ मेच्या सकाळी ‘रॉडनी’ व ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ या नौकांनी मारा सुरू केल्यावर पाऊण तासातच तिच्या मोठ्या तोफा बंद पडल्या. तथापि त्यानंतर तासाहून अधिक काळ ती तरंगत होती. म्हणजे बालेकिल्ल्याविषयी खेळाचे म्हणणे खरे आहे. परंतु त्या तासाभरात ती युद्धनौका राहिली नव्हती, केवळ न बुडालेले पोलाद होती. तिच्यावरील दोन हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी मेली. खेळात याच्या अगदी उलट घडते. जहाजाच्या आयुष्याचा आकडा शून्यापर्यंत उतरेतो ते जवळजवळ पूर्ण सामर्थ्याने लढत राहते. तोफ कायमची निकामी होण्याचा प्रसंग क्वचितच. तरंगणे आणि लढणे या दोन भिन्न गोष्टी खेळाने एक करून टाकल्या आहेत, आणि हाच मला त्यातील मूळ दोष वाटतो.

सुकाणूची गोष्ट याहून बोलकी आहे. २६ मेच्या संध्याकाळी ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या, कापडाने मढविलेल्या जुनाट दुपंखी विमानांपैकी एकाचा टॉर्पेडो बिस्मार्कच्या मागील बाजूस लागला आणि तिची सुकाणे वळलेल्या स्थितीतच अडकली. बिस्मार्कच्या तोफांना त्यांतील एकही विमान पाडता आले नाही. पुढची सारी रात्र ते प्रचंड जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याकडे वळू शकले नाही. खेळातही सुकाणू बिघडते. मात्र एक कळ दाबली की ते दुरुस्त होते! खेळाच्या सोयीसाठी हे आवश्यक आहे हे मान्य. वीस मिनिटांच्या डावात कोणी एकाच दिशेने गोल गोल फिरत बसणार नाही. पण त्या सोयीने नेमके ते वर्मच पुसले गेले आहे ज्यामुळे हे जहाज इतिहासात गेले.

यापुढचा मुद्दा हेतूचा आहे. बिस्मार्क निघाली होती ती युद्धनौकांशी झुंजण्यासाठी नव्हे, तर अटलांटिकवरील व्यापारी जहाजे बुडविण्यासाठी. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चा गोळा नाळेत लागून तिचे बरेचसे इंधन तिला दुरावले, आणि मोहीम सोडून तिला बंदराची वाट धरावी लागली. खेळात इंधन नाही, बंदर नाही, व्यापार नाही. वऱ्हाडातील वाचकाला याचे मर्म सांगावयास नको. १८७० साली लॉर्ड मेयोने जलंब-खामगाव या आगगाडीच्या फाट्याचे उद्घाटन केले ते खामगावचा कापूस मुंबईमार्गे समुद्रापार जावा म्हणून. समुद्राची वाट मोकळी नसेल तर खामगावच्या गाठींना मोल नाही. आणि ती वाट अडविणे हेच अशा नौकांचे काम. १९१४ साली ‘एमडेन’ या लहानशा जर्मन क्रूझरने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटविल्या आणि हिंदी महासागरातील जहाजांना धास्ती लावली. खेळात एमडेनही आहे. अगदी खालच्या श्रेणीत. तोफा मोजल्या तर ती श्रेणी योग्यच.

यावर असा आक्षेप येईल की खेळ म्हणजे इतिहास नव्हे. तो अंशतः खरा आहे. या खेळात ‘ग्नाइझेनाउ’ला ज्या ३८ सेंटिमीटरच्या तोफा दिल्या आहेत त्या तिच्यावर प्रत्यक्षात कधीच बसल्या नाहीत, आणि ‘ग्रोसर कुरफुर्स्ट’ तर बांधलीच गेली नाही. कल्पनेचे हे स्वातंत्र्य मला आक्षेपार्ह वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या १७२४ च्या लढाईवर उद्या कोणी खेळ रचला, तर निजाम-उल्-मुल्क व मुबारिझखान यांच्या फौजांचे आकडे त्याने खुशाल वाढवावेत. पण दक्षिण दिल्लीच्या हुकमात राहणार की नाही हा तेथील खरा डाव होता. तो वगळला तर उरते ती केवळ मारामारी.

बिस्मार्कची जुळी बहीण ‘टिर्पिट्झ’ हिच्या बाबतीत तर खेळाचे मापच अपुरे पडते. खेळात तिला टॉर्पेडो आहेत आणि ती जवळ जाऊन लढण्यासाठी ओळखली जाते. प्रत्यक्षात १२ नोव्हेंबर १९४४ रोजी विमानांनी उलथवीपर्यंत ती बहुतांश काळ नॉर्वेच्या खाड्यांत नांगरलेली होती. तरीही जुलै १९४२ मध्ये ती येत असल्याच्या नुसत्या धास्तीने ब्रिटिशांनी रशियाकडे निघालेला ‘पी क्यू १७’ हा व्यापारी तांडा पांगविला, आणि विखुरलेली जहाजे विमानांनी व पाणबुड्यांनी एकेक करून टिपली. पस्तीसांपैकी चोवीस बुडाली. टिर्पिट्झने त्यांच्यावर एकही गोळा डागला नव्हता. खेळाच्या हिशेबात त्या दिवशी तिच्या नावापुढे शून्य पडले असते.