जात्यावरची ओवी आणि कलेचे प्रयोजन

कलेचे प्रयोजन काय, हा प्रश्न साहित्यशास्त्राच्या प्रारंभापासून विचारला गेला आहे; परंतु तो कोणाच्या वतीने विचारावयाचा, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे. मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली: यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, तत्काळ लाभणारा परमानंद आणि प्रियेच्या बोलासारखा गोड उपदेश. यांपैकी काही कवीची आहेत, काही रसिकाची. पण कवी राजसभेच्या आसपास वावरणारा आहे आणि रसिक व्युत्पन्न आहे, हे सर्वत्र गृहीत धरलेले आहे. मराठीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांच्या नावांशी निगडित झालेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वादही याच चाकोरीतून गेला. लेखकाने लिहिताना डोळ्यांपुढे काय ठेवावे, एवढ्यापुरताच तो बहुतांशी मर्यादित राहिला. ज्यांच्या जीवनासाठी कला असावी असे एक पक्ष म्हणत होता, त्यांच्या जीवनात आधीपासून कोणती कला होती आणि ती त्यांच्या कोणत्या कामी येत होती, याची विचारपूस दोन्ही पक्षांनी क्वचितच केली.

ही विचारपूस करावयाची, तर महाराष्ट्रात जात्यावरच्या ओवीइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही. तिची परंपरा दीर्घ आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. तिला कवीचे नाव नाही, मानधन नाही, सभागृह नाही. पहाटेच्या अंधारात, घर जागे होण्यापूर्वी, एका हाताने खुंटा फिरवीत आणि दुसऱ्या हाताने दाणे वैरीत ती गाइली गेली. कलेच्या कोणत्याही उपपत्तीला या ओवीपुढे उभे करून पाहिले, तर त्या उपपत्तीचे बळ आणि तिची उणीव दोन्ही लवकर उघड होतात.

तशी उपपत्ती निवडावयाची तर टॉलस्टॉयची निवडणे न्याय्य ठरेल. कारण श्रमिकांच्या बाजूने कलेला इतका कठोर जाब दुसऱ्या कोणी विचारलेला नाही. ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथाच्या आरंभीच त्याने एका संगीतिकेच्या तालमीचे वर्णन केले आहे. शेकडो माणसे राबत आहेत, संचालक त्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव करीत आहे, आणि हे सारे कोणासाठी, हे कोणालाच सांगता येत नाही. या विषयाने पंधरा वर्षे आपला पिच्छा पुरवला होता, असे टॉलस्टॉयने म्हटले आहे. रशियन नियंत्रकांनी मूळ ग्रंथाची इतकी काटछाट केली की, 1898 मध्ये प्रसिद्ध झालेला एल्मर मॉड यांचा इंग्रजी अनुवाद हेच आपल्या ग्रंथाचे पहिले खरे रूप, असे खुद्द ग्रंथकाराला सांगावे लागले. खरी कला सर्वांना कळते असे प्रतिपादणारा ग्रंथ प्रथम परभाषेतच अखंड रूपाने वाचकांसमोर आला, हा योगायोग अनुवादाचा व्यवसाय करणाऱ्याला तरी विसरता येण्याजोगा नाही.

टॉलस्टॉयचा सिद्धान्त थोडक्यात असा: एका माणसाने अनुभवलेली भावना बाह्य खुणांच्या द्वारा जाणूनबुजून दुसऱ्यापर्यंत पोहोचवावी आणि दुसऱ्याला तिचा संसर्ग व्हावा, हे कलेचे कार्य. संसर्ग जितका प्रबळ तितकी कला श्रेष्ठ. आणि जी भावना माणसामाणसांना एकत्र आणते ती भावना श्रेष्ठ. या कसोटीवर त्याने बेथोव्हेनची नववी सिंफनी नाकारली, शेक्सपिअर नाकारला, आणि दोन लहान कथा वगळता स्वतःचे सारे ललित लेखनही नाकारले. स्वतःवर चालवलेल्या या कुऱ्हाडीमुळे त्याच्या विक्षिप्त निर्णयांनाही एक नैतिक वजन येते. त्याच्या दुराग्रहाला हसणे सोपे आहे; त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे तितके सोपे नाही.

या ग्रंथातील एक प्रसंग मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. टॉलस्टॉय खिन्न मनाने फिरून घरी परतत असता, त्याच्या मुलीच्या विवाहाच्या आनंदाप्रीत्यर्थ शेतकरी स्त्रिया विळ्यांच्या ठणठणाटावर मोठमोठ्याने गात होत्या. ते गाणे ऐकता ऐकता त्याची खिन्नता नाहीशी झाली. त्याच संध्याकाळी घरी आलेल्या एका निष्णात वादकाने बेथोव्हेनची एक सोनाटा वाजवली. सर्वांनी तिची वाखाणणी केली, पण अंतःकरण कोणाचेच हलले नाही. यावरून त्याने निष्कर्ष काढला की, शेतकरी स्त्रियांचे गाणे ही खरी कला आणि ती सोनाटा हा कलेचा केवळ एक फसलेला प्रयत्न.

टॉलस्टॉयचा हा ग्रंथ साने गुरुजींनी मराठीत आणला, आणि त्याच साने गुरुजींनी घरोघरीच्या स्त्रियांकडून ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह सिद्ध केला. या दोन कामांचा परस्परसंबंध मराठी समीक्षेने जितका पाहावयास हवा होता तितका पाहिलेला नाही. गुरुजींना भावविवश लेखक म्हणून बाजूला सारण्याची जी रीत पुढे पडली, तिने हे नुकसान केले असावे. सिद्धान्त परदेशी ग्रंथातून घ्यावा आणि त्याचा पुरावा आपल्या घरातील जात्यापाशी शोधावा, ही दृष्टी भावविवशतेची नव्हे, सुजाण समीक्षकाची आहे.

परंतु पुरावा सिद्धान्ताला पूर्णपणे अनुकूल आहे काय? येथे अडचण सुरू होते. टॉलस्टॉयच्या प्रसंगात खिन्नता गेली ती टॉलस्टॉयची. गाणाऱ्या स्त्रियांना त्या गाण्याने काय दिले, हे त्याने विचारलेच नाही. तो श्रमिकांचा कैवारी खरा, पण त्या क्षणी तोही श्रोत्याच्या आसनावरच बसलेला आहे. ओवीला तसा श्रोता बहुधा नसतोच. फार तर समोर बसून खुंट्याला हात लावणारी जाऊ किंवा नणंद असते, पदराखाली निजलेले मूल असते. पुष्कळदा कोणीच नसते. ओवी दूर गावच्या भावाला उद्देशून असते, पंढरीच्या विठ्ठलाला उद्देशून असते, मरून गेलेल्या आईला उद्देशून असते, आणि यांपैकी कोणीही ती ऐकणार नाही हे गाणारीला पक्के ठाऊक असते. संसर्ग व्हावा असा दुसरा माणूसच जेथे नाही, तेथे संसर्गाचा सिद्धान्त काय सांगणार? कित्येक ओव्यांत जात्यालाच देव म्हणून, सखा म्हणून हाक मारलेली आढळते. हा अलंकार म्हणून सोडून देता येणार नाही. ऐकणारे कोणी नसल्याचा तो कबुलीजबाब आहे.

रवींद्रनाथांनी टॉलस्टॉयच्याच शीर्षकाचा एक निबंध लिहिला. अमेरिकेतील व्याख्यानांवर आधारलेल्या ‘पर्सनॅलिटी’ या 1917 च्या पुस्तकात तो आहे. त्यांची भूमिका वेगळी. पशूची सारी शक्ती जगण्याच्या गरजेत खर्च होते; माणसापाशी भावनांचा काही शेष उरतो आणि त्या अतिरिक्तातून कला जन्मते. कला उपयुक्ततेची दासी नव्हे हे सांगण्यास ही मांडणी फार उपकारक आहे. पण जात्यापाशी बसलेल्या स्त्रीजवळ शेष म्हणून काय उरते? वेळ नाही, झोप नाही, बळही बेताचेच. तिची ओवी गरजेच्या पलीकडे नाही, गरजेच्या अगदी पोटात आहे. पायलीभर जोंधळे दळल्यावाचून दिवसाची भाकरी नाही, आणि गाण्यावाचून पायलीभर जोंधळे दळून होत नाहीत. रवींद्रनाथांचा ‘शेष’ येथे खोटा ठरतो असे नव्हे. पण तो विपुलतेतून न येता टंचाईतूनही येऊ शकतो, हे मात्र मान्य करावे लागते.

मग ओवी म्हणजे केवळ श्रम हलके करण्याचे साधन, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तिच्यात तो उपयोग आहेच. ग्रंथांतील साडेतीन चरणांची ओवी आणि ही घरगुती ओवी यांत अंतर आहे. हिची ओळ जात्याच्या फेऱ्यावर तोललेली असते, मधले ‘बाई’ किंवा ‘गं’ हे हाताला श्वास घेऊ देतात. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या 1955 च्या ग्रंथात संवादलय, विरोधलय व समतोललय अशी लयतत्त्वे मांडली. त्यांच्या विवेचनाला अमूर्ततेचा जो दोष दिला जातो, त्यावर जाते हा एक चांगला उतारा आहे. येथे लय ही कल्पना न राहता खांद्याला जाणवणारी वस्तू होते. तथापि, केवळ श्रम हलके करावयाचे असते, तर निरर्थक अक्षरांची आवर्तनेही पुरली असती. त्यासाठी सीतेचा वनवास आठवण्याची गरज नव्हती. लेकीला मैना व लेकाला राघू म्हणण्याची, माहेरच्या वाटेवरचे झाड न् झाड मोजण्याचीही गरज नव्हती. उपयोग ओवीला जन्म देतो. तिच्यात काय यावे हे तो ठरवीत नाही.

ओवीचे कार्य समजून घेण्यास तिच्या रचनेतील एक बारीक गोष्ट साहाय्यक ठरते. पुष्कळ ओव्यांत भावाच्या नावाची, गावाच्या नावाची जागा मोकळी असते. गाणारी तेथे आपल्या भावाचे, आपल्या गावाचे नाव घालते. आपल्या शास्त्रात भट्टनायक-अभिनवगुप्तांचे साधारणीकरण प्रसिद्ध आहे: काव्यातील विशिष्ट व्यक्तीची भावना विशिष्टत्व टाकून सर्व सहृदयांची होते. ओवीत याच्या उलट घडते. जे आधीच शेकडो जणींचे आहे, ते एक स्त्री उचलते आणि त्यात स्वतःचे दुःख बसवते. हे उलटे चालणे अर्थपूर्ण आहे. सासूविषयीची तक्रार, नवऱ्याच्या अबोल्याची सल, लेक जड झाल्याचे बोलणे, ही तिने स्वतःच्या शब्दांत मांडली असती तर अपराध झाला असता. ओवीच्या शब्दांत मांडली तर तो रिवाज होतो. बोल सर्वांचे म्हणून ती निर्भय, आणि नाव तिचे म्हणून गाणे खरे. मम्मटाचा ‘अशुभाचे निवारण’ हा हेतू येथे अनपेक्षितपणे जिवंत होतो. फक्त येथे निवारण ऐकणाऱ्याच्या नव्हे, गाणारीच्या अशुभाचे आहे, आणि तेही पुढच्या पहाटेपर्यंतचेच.

अर्थात ओवीला बंडाचे गाणे ठरवण्याची जी हौस अलीकडे दिसते, तिलाही आवर घातला पाहिजे. मुलाच्या जन्माचा हर्ष आणि मुलीच्या जन्माची खंत, अहेवपणी मरण येण्याची मागणी, सोशिकपणाचे गोडवे हे सारे ओवीत भरपूर आहे. ती तक्रार करू देते आणि जाते फिरवीतही ठेवते. कलेने मन हलके होते ते अन्याय सहन करण्यासाठी की तो ओळखण्यासाठी, याचा निवाडा एका ओवीवरून होणार नाही. मात्र दुसऱ्या गोष्टीची उदाहरणेही आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्या उपलब्ध आहेत. पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम मोजीत देवांची नावे घेण्याच्या जुन्या साच्यात जेव्हा भीमरावांचे नाव येते, तेव्हा साचा तोच राहून मोकळ्या जागेतले नाव बदललेले असते, आणि त्या एका नावाने सारी प्रार्थना बदलते.

पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली आणि जाती भिंतीला टेकली. त्याबरोबर ओवीही ओसरली. याबद्दल गळा काढणाऱ्याने पहाटे तीनला उठून पायलीभर दळून पाहावे. गिरणीने स्त्रियांचे जेवढे भले केले तेवढे फार थोड्या यंत्रांनी केले असेल. टॉलस्टॉयच्या संगीतिकेप्रमाणे याही गाण्यामागे कोणाचा तरी घाम होता, एवढेच की येथे घाम आणि गाणे एकाच देहाचे होते. पुण्यात राहून काम करणाऱ्या गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांसह एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या, आणि 2017 पासून त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या द्वारे इंग्रजी अनुवादांसह प्रसिद्ध होत आल्या आहेत. आता त्यांना जाते नाही, पण श्रोता आहे. टॉलस्टॉयचा संसर्ग येथे प्रथमच शक्य झाला, आणि ओवीचे प्रयोजन त्याच क्षणी पालटले. गाणारीसाठी जे बोलण्याचे साधन होते, ते वाचकासाठी ऐकण्याचे निमित्त झाले. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत असेच काहीसे घडले: शेतात-घरात काम करता करता रचलेली त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि काव्य म्हणून वाचली जाऊ लागली. ती काव्य आहेतच. पण रचणारीच्या लेखी त्यांचे जे काम होते, ते पुस्तकाच्या पानावर होत नाही.

अनुवादकापुढे हा पालट अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या शब्दांत उभा राहतो. साने गुरुजींच्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेनुसार ओवी बंगालीत किंवा तमिळमध्ये न्यावयाची ठरवली, तर विठ्ठल जाईल, माहेर थोडे वाकवून जाईल, सीता तर तेथे आधीच आहे. अडते ते ‘बाई’पाशी. ते संबोधन आहे की नुसता हाताचा विसावा, समोरच्या जावेला आहे, जात्याला आहे की स्वतःलाच, हे मूळ गाणारीने कधी ठरवलेले नसते. अनुवादात मात्र ते ठरवावे लागते, नाहीतर गाळावे लागते. बहुतेक अनुवादांत ते गाळलेले असते. ओळ त्यामुळे अधिक नेटकी होते, अर्थही पुरता उतरतो, आणि ती कोणी कोणाला म्हटली एवढे तेवढे कळत नाही.